लाइट गेली तरी पंप चालला पाहिजे: घरासाठी जनरेटर निवडणं आणि बसवणं

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं, तेव्हा आमच्या वाडीतल्या पोफळींबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. पहिल्या रात्री सगळ्यांना अंधाराची चिंता. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की अंधाराचं काहीच नव्हतं; विहिरीत पाणी होतं आणि टाकीत नव्हतं. रहाट काढून टाकल्याला वीस वर्षं झालेली. कठड्यावर वाकून बादलीने पाणी शेंदताना हाताला जे फोड आले, तेव्हाच जनरेटर घ्यायचं ठरलं.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो: दिव्यांसाठी जनरेटर घेऊ नका. दिवे, पंखे, मोबाइल, वायफाय एवढ्याला इन्व्हर्टर पुरतो. ना आवाज, ना धूर. जनरेटर लागतो तो पंप, फ्रीज अशा मोटरवाल्या वस्तूंसाठी, आणि लाइट दोन तास नाही तर चार-आठ दिवस जाते अशा ठिकाणी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी या भानगडीत पडूच नये. बाल्कनीत जनरेटर चालवणं म्हणजे स्वतःच्या आणि वरच्या मजल्याच्या जिवाशी खेळ आहे.

आधी पंपाची पाटी वाचा

दुकानात जाण्याआधी घरातला सगळ्यात जड गडी कोण ते बघा. आमच्याकडे, आणि किनारपट्टीवरच्या बहुतेक घरांत, तो विहिरीवरचा पंप असतो. त्याच्या अंगावरच्या पत्र्याच्या पाटीवर एचपी आणि अँपिअर लिहिलेलं असतं. गंजलं असेल तर ओल्या फडक्याने पुसून टॉर्च तिरका धरा, आकडे उठून दिसतात.

एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, पण हे मोटर देते ते काम. ती स्वतः ओढते साधारण हजार ते बाराशे वॉट. आणि सुरू होताना क्षणभर याच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त करंट मागते. जनरेटर गुदमरतो तो याच क्षणी. लाइटच्या करंटवर हा झटका आपल्याला जाणवत नाही. फार तर बल्ब एकदा मिचकतो.

बाकीची बेरीज सोपी. नऊ वॉटचे सहा एलईडी म्हणजे ५४, साधे तीन पंखे धरले तर २२५, फ्रीज चालू असताना दीडशेच्या आसपास, टीव्ही शंभर. सगळं मिळून साडेपाचशेही होत नाही. गिझर दोन हजार आणि इस्त्री हजार वॉटची, ही दोन नावं यादीतून खोडा. पावसाळ्यात लाइट नसताना पाणी चुलीवर तापवायचं आणि शर्ट चुरगळलेला घालायचा, त्याने काही बिघडत नाही.

केव्हीए आणि खोक्यावरचा मोठा आकडा

जनरेटर केव्हीएमध्ये, म्हणजे त्याच्या ताकदीच्या मापावर विकतात. त्याला ०.८ ने गुणलं की ढोबळ किलोवॉट मिळतात, म्हणजे ३ केव्हीएचा संच साधारण २.४ किलोवॉट देतो. २३० व्होल्टला सुमारे १३ अँपिअर. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा ‘मॅक्स’चा असतो, तेवढी ताकद थोडाच वेळ मिळते. तुमच्या कामाचा आकडा ‘रेटेड’ शब्दापुढे बारीक टायपात असतो.

अर्ध्या एचपीच्या पंपाला २ केव्हीए चालून जातो. एक एचपीला ३ ते साडेतीन घ्या. बोअरवेलमधला खोल सबमर्सिबल असेल तर त्याच्याही वर जावं लागेल. शंका असेल तर विक्रेत्याला सांगा, संच घरी आणून माझा पंप चालवून दाखव, मग पैसे. मी हे आधी केलं नाही. ‘साहेब, अख्खं घर चालेल’ म्हणून गळ्यात मारलेला पहिला संच पंपाचं बटण दाबलं की घर्रर्र करून मान टाकायचा. तो तोट्यात विकला.

उलटही खरं आहे. गरजेपेक्षा फार मोठा घेतलात तर रोजचं पेट्रोल विनाकारण जळतं.

पेट्रोल, डिझेल की सायलेंट?

एका घरासाठी चाकांचा, हलवता येणारा पेट्रोल संच हाच माझा सल्ला. रॉकेलवर चालणारे जुने संच स्वस्तात मिळतात, पण रॉकेल आणणार कुठून? डिझेलचा संच वजनदार आणि महाग असतो. होमस्टे किंवा आइसफॅक्टरी असेल तर विचार करा. त्याला आवाजरोधक म्हणजे ‘सायलेंट’ पेटी हवी, एक मीटरवर ७५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज होता कामा नये, आणि अगदी कमी लोडवर तासन् तास चालवला तर इंजिनात काजळी धरते.

‘इन्व्हर्टर जनरेटर’ हा वेगळाच प्रकार. आवाज कमी, करंट स्वच्छ, पेट्रोलही कमी पितो. पण त्यातले लहान संच पंप उचलत नाहीत, आणि मोठ्याची किंमत ऐकून माणूस पुन्हा रहाट बसवायचा विचार करतो. साधा संच घेताना त्यात एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज सांभाळणारा भाग, आहे का एवढं विचारा. तो नसेल तर व्होल्टेज खालीवर होतं आणि फ्रीजचा जीव जातो. घरात वयस्कर माणसंच असतील तर दोरीवाला नको, सेल्फ-स्टार्ट घ्या.

जागा: पडवीत नाही म्हणजे नाही

पाऊस लागला की प्रत्येकाला वाटतं, पडवीत ओढू या. पडवीला खिडक्या असतात, मागचं दार असतं, कौलांत फटी असतात. एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. खिडकी उघडी ठेवली तरी भरवसा नाही.

संच घरापासून निदान सहा मीटर लांब हवा. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे शक्यतो घराच्या ईशान्येला ठेवा, म्हणजे धूर घरात न येता पलीकडे जाईल. पलीकडे शेजाऱ्याची खिडकी नाही ना, तेही बघा. फूटभर उंच सिमेंटचा ओटा, चार खांब, वर पत्रा, चारही बाजू उघड्या, सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला. आणि नारळाखाली नको! सांगायला लागू नये, पण सावली बघून तिथेच ओटा बांधलेली दोन घरं मला माहीत आहेत.

चेंजओव्हर: इथे पैसे वाचवू नका

गावोगाव चालणारा जुगाड असा: वायरच्या दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप लावायचे, एक जनरेटरमध्ये, दुसरा घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये खुपसायचा. घर उजळतं. पण मेन स्विच पाडायचा विसरलात, तर तोच करंट मीटरमधून उलटा लाइनवर जातो. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे घरगुती व्होल्ट करतो तसा उलटही चालतो. तुमचे २३० व्होल्ट पलीकडे हजारोंच्या घरात निघतात, आणि तिथे खांबावर वायरमन चढलेला असतो, तुमचीच लाइट जोडायला. शिवाय त्या वायरचा एक टॉप निसटून हातात आला तर त्याच्या उघड्या पिनांत जिवंत करंट असतो.

यावर उपाय एकच, चेंजओव्हर स्विच. तो मीटर आणि मेन स्विचनंतर, घराच्या डीबीच्या (सगळे एमसीबी असतात त्या पेटीच्या) आधी बसतो. दांडा एका बाजूला केला की लाइन, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये बंद. दोन्ही एकदम जोडले जाणं शक्यच नसतं. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, पण समोर उभं राहून एवढं बघा:

– सिंगल फेजच्या घराला दोन पोलचाच चेंजओव्हर हवा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. ३२ अँपिअरचा पुरे.
– जनरेटरपासून येणारी केबल तांब्याची, निदान अडीच स्क्वेअर एमएमची. अंतर जास्त असेल तर चारची.
– जनरेटरच्या सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग.
– चेंजओव्हरच्या आधी, लाइनच्या बाजूला एक छोटा इंडिकेटर दिवा. नाहीतर लाइट आली हे कळतच नाही आणि आपण पेट्रोल जाळत बसतो.

एक बारीक गोष्ट. नव्या संचाच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला तर कधी कधी तो दोन्ही भोकांत मिणमिणतो. संच बिघडलेला नसतो. त्याचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, एवढंच. पण अशा अवस्थेत घरातला आरसीसीबी (शॉक लागला तर वीज तोडणारा स्विच) वेळेला ट्रिप होईलच असं नाही. तेव्हा न्यूट्रल आणि अर्थ कसा बांधायचा हे वायरमनला मुद्दाम विचारा. त्याने ‘चालतंय ना’ म्हणून खांदे उडवले तर दुसरा वायरमन शोधा.

छतावर ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेलं सोलर असेल तर हेही त्याला आधीच सांगा. तो आणि जनरेटर एकाच वेळी एकाच वायरिंगवर येता कामा नयेत.

पेट्रोल किती आणि कशात

लाइट नसली की पेट्रोल पंपही बंद असतो किंवा रांग रस्त्यापर्यंत येते. तेव्हा थोडा साठा हवाच. कायद्याने घरच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, आणि एक डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको. थंड पाण्याच्या बाटल्यांत भरून माळ्यावर ठेवणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं. डबा घरात नाही, स्वयंपाकघराजवळ तर नाहीच. बाहेरच्या खोपटात, उन्हापासून लांब.

तीन केव्हीएचा संच लोडवर तासाला साधारण एक ते दीड लिटर पितो. ३० लिटर म्हणजे वीस ते तीस तास. दिवसाला तीनच तास चालवला तर आठवडा ते दहा दिवस निघतात. त्यामुळे शिस्त लागते:

सकाळी संच सुरू केला की आधी एकटा पंप. टाकी भरली, पंप बंद. मग फ्रीज, मग इन्व्हर्टरचं चार्जिंग, मिक्सर, मोबाइल. पुन्हा संध्याकाळी दीड तास. मधल्या वेळात फ्रीजचं दार उघडायचं नाही. बंद ठेवलं तर आतला गारवा चार तास तरी टिकतो, आणि फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर अजून जास्त.

इन्व्हर्टरकडून मात्र फार आशा नको. तीन तासांत बॅटरीत जेमतेम तीस-चाळीस अँपिअर-तास भरतात. साधे दोन पंखे आणि दोन दिवे त्यावर दोनेक तास चालतील. कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे असतील तर चार-पाच तास. जनरेटरवर इन्व्हर्टर चार्जच होत नसेल तर त्याच्या मागचं बटण बघा. ‘यूपीएस’वर असेल तर ‘इको’वर करा. ‘यूपीएस’वर असताना त्याला जनरेटरचं हलतं व्होल्टेज मानवत नाही.

पहिल्यांदा सुरू करताना

नवीन संचात बहुधा ऑइल भरलेलं नसतं. आमच्या शेजारच्या काकांनी पाऊण तास दोरी ओढली, दोन पोरं बदलली, शेवटी माहितीपत्रक उघडलं. कंपनीने सांगितलेलं ऑइल खुणेपर्यंत भरा, पेट्रोलचा कॉक उघडा, चोक लावा. दोरी आधी हळू ओढायची, अडल्यासारखी वाटली की मग एकदम झटका. पाच मिनिटं रिकामा चालू द्या, त्यानंतरच चेंजओव्हर फिरवा. बंद करताना उलटा क्रम: आधी लोड काढा, मग इंजिन, मग कॉक. चालू असताना किंवा गरम असताना पेट्रोल ओतायचं नाही; पंधरा मिनिटं थांबा, तेवढ्या वेळात चहा होतो.

पहिलं ऑइल वीस तासांनी बदला, पुढे दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी.

वर्षाचे दहा महिने हा संच नुसता उभा असतो, आणि बिघडतो तो तेव्हाच. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि कार्बोरेटरमध्ये चिकटा होतो. म्हणून महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं पंप लावून चालवा, आणि शेवटी इंजिनचा स्विच न दाबता कॉक बंद करून संच आपोआप थांबू द्या. कार्बोरेटर रिकामा होतो. वर प्लॅस्टिकची ताडपत्री गच्च गुंडाळू नका, खारी हवा आत अडकून टर्मिनल हिरवे पडतात. जुनी चादर पुरते. उंदीर घर करतात म्हणून सायलेन्सरच्या तोंडात मी चिंधीचा बोळा घालून ठेवतो आणि त्याला लाल दोरा बांधून तो हँडलवर लोंबता सोडतो. दोरा बांधायला लागलो ते एकदा बोळा काढायचा विसरल्यानंतर.