हंगेरियनांच्या लॅटिन बखरी कशा वाचाव्यात

कोल्हापूरचे शिलाहार ताम्रपटांत स्वतःला पुराणकथेतल्या जीमूतवाहन विद्याधराचे वंशज आणि तगरपुरवराधीश्वर (तगर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी) म्हणवतात. ते वाचून कोणी जीमूतवाहनाचा सनावळीत शोध घेत नाही. हा दावा कोणी, कधी आणि कशासाठी केला, एवढंच पाहतो. इथल्या ताम्रपटांवर आणि मोडी कागदांवर बसलेला हा हात हंगेरियनांच्या मूळकथा वाचतानाही उपयोगी पडतो.

आधी वहीत चार रकाने आखा: ग्रंथ, लिहिल्याचा काळ, सांगितलेला काळ, उसना मजकूर. हंगेरियन टोळ्या कार्पेथियन खोऱ्यात (आजचा हंगेरी आणि आसपास) उतरल्या त्या साधारण 895 च्या सुमारास. सेंट बर्टिनच्या वार्षिकांत, म्हणजे फ्रँकिश राज्यातल्या वर्षवार नोंदींत, 862 सालाखाली ‘उंग्री’ नावाचे, तोवर माहीत नसलेले शत्रू येतात. प्र्यूमच्या मठाचा बखरकार रेगिनो 915 मध्ये वारला, म्हणजे त्याचं लिखाणही घटनांच्या जवळचं. बेला राजाचा निनावी लेखनिक अनोनिमस मात्र 1200 नंतर, तीनशे वर्षांनी लिहितो. शिमोन केझाईची बखर 1282 ते 1285 मधली, तर चित्रित बखर 1358 ला सुरू झालेली. रकाने भरले की कोणाच्या शब्दाला किती वजन द्यायचं ते आपोआप दिसू लागतं.

मूळ लॅटिन उघडाल तेव्हा शाळेतल्या लॅटिनचा कोश बऱ्याचदा हात वर करतो. मध्ययुगीन लेखनात ‘एई’ऐवजी नुसता ‘ए’ येतो, ‘मिही’चं ‘मिकी’ होतं, ‘यू’ आणि ‘व्ही’ एकच अक्षर असतं. शब्द सापडला नाही तर आधी ही तीन रूपं बदलून पाहा. हस्तलिखिताच्या छायाचित्रात अक्षरावर आडवी रेघ दिसली, तर तिथे बहुतेक ‘एम’ किंवा ‘एन’ गाळलेला असतो. रेगिनोची संहिता मोन्युमेंटा जर्मानिया हिस्टोरिका या मध्ययुगीन साधनांच्या जर्मन ग्रंथमालेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. अनोनिमसचं एकच हस्तलिखित उरलंय, 24 पानांचं, बुडापेस्टच्या सेचेन्यी ग्रंथालयात. केझाईचं मध्ययुगीन हस्तलिखित उरलेलं नाही, अठराव्या शतकातल्या नकलांवरच भागवावं लागतं. म्हणून त्याच्याकडचं एखादं नाव विचित्र दिसलं तर दोष नकलाकाराचाही असू शकतो.

अनोनिमसची 57 प्रकरणं आहेत. त्यातली पहिली दहा सावकाश वाचा. एमेशेचं पक्ष्याचं स्वप्न, तिचा मुलगा आल्मोश याची पुढारी म्हणून निवड, सात सरदारांनी भांड्यात रक्त सोडून घेतलेली शपथ, सगळं इथेच आहे. वाचताना प्रत्येक विधान दुसऱ्या कुठल्या तरी नोंदीशी भिडवा. तो म्हणतो की हंगेरियन हे नाव उंग किल्ल्यावरून पडलं (आजचं उझगोरोद, युक्रेनमध्ये). पण ‘उंग्री’ 862 मध्येच फ्रँकिश नोंदीत आहेत, लोक या खोऱ्यात येण्याआधी तीस-एक वर्षं. म्हणजे व्युत्पत्ती नंतर जोडलेली. कीव्हजवळ कुमान या भटक्या तुर्की टोळ्यांचे सरदार आल्मोशला येऊन मिळतात असंही तो सांगतो. कुमान काळ्या समुद्राच्या उत्तरेला आले ते अकराव्या शतकात. अशा ओळींवर लाल पेन्सिल फिरवा.

सगळ्यात जास्त फसवणूक उसन्या मजकुराने होते. सिथियाचं (काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ मुलखाचं जुनं नाव) वर्णन रेगिनोने रोमन लेखक जस्टिनकडून घेतलं आणि अनोनिमसने रेगिनोकडून. तीन ग्रंथ जुळतात म्हणून तीन साक्षीदार धरलेत तर हिशोब चुकला: साक्षीदार एकच आहे आणि त्याने हंगेरियन कधी पाहिलेलेही नाहीत.

आता केझाई. हरिणीच्या मागे मेओटिसच्या (आजचा अझोव्ह समुद्र) दलदलीत शिरलेले हुनोर आणि मागोर हे भाऊ त्याच्याकडे येतात. अनोनिमसकडे ही गोष्ट नाही, तिथे मूळपुरुष बायबलमधला मागोग आहे. इंटरनेटवर दोन्ही कथा सर्रास एकत्र कालवतात, तसं करू नका. केझाई हूणांना सिथियातून निघायला इसवी सन 700 साल देतो, तर हूणांचा राजा अटिला 453 मध्येच वारला होता. साल चुकलंय म्हणून ग्रंथ मिटू नका. हूण आणि हंगेरियन एकच ठरवले की 895 चं आक्रमण हे पूर्वजांच्या मुलखात परतणं ठरतं. रक्ताळलेली तलवार फिरवून दिलेली हाक ज्यांनी मानली नाही ते दास झाले, असंही तो लिहितो. तेराव्या शतकातल्या उमरावांना हेच ऐकायचं होतं, आणि केझाईचं खरं मोल त्या शतकाबद्दलच्या या साक्षीत आहे.

मूळ प्रदेशाचं उत्तर या बखरींत शोधू नका. हंगेरियन भाषेची जवळची नाती पश्चिम सायबेरियातल्या मान्सी आणि खांती भाषांशी आहेत, आणि ते भाषाशास्त्राने दाखवलं.

शेवटी गेलू, ग्लाड आणि मेनुमोरुत या तीन सत्ताधीशांची नावं वेगळ्या कागदावर लिहा. आल्मोशचा मुलगा आर्पाड याच्या काळात हे ट्रान्सिल्व्हेनियात (आज रोमानियात) आणि आसपास राज्य करत होते, असं एकटा अनोनिमस सांगतो. त्या काळच्या कुठल्याही नोंदीत ते नाहीत. रोमानियन आणि हंगेरियन अभ्यासकांचा वाद याच नावांवरून पेटतो. म्हणून त्यांच्यापुढे ‘फक्त अनोनिमस’ असा शेरा मारा आणि त्यावर पुढचा एकही निष्कर्ष उभारू नका.