तीन इंची कुंडीतलं मिनी फॅलेनॉप्सिस कसं जगवावं

नर्सरीतून आणलेलं बुटकं फॅलेनॉप्सिस ऑर्किड फुलं असेपर्यंत छान दिसतं आणि मग महिन्या-दोन महिन्यांत पानं गाळू लागतं. कारण बहुधा मुळांच्या मधोमध दडलेलं असतं: रोप लहान असताना गुंडाळलेला मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा, गोळा. वरून सगळं कोरडं दिसतं, तो आत ओलाच राहतो. आपल्या सह्याद्रीतलं सीतेची वेणी हे ऑर्किड पाहा, मुळांनी फांदीला धरून उघड्या वाऱ्यावर वाढतं. फॅलेनॉप्सिसही तसंच झाडावरचं.

म्हणून फुलं संपली की आधी कुंडी बदला. रोप तासभर पाण्यात ठेवलं की मुळं लवचिक होतात. बोटांनी मॉस सोडवून काढा. दाबल्यावर पोकळ लागणारी मुळं कापा, टणक असतील ती राहू द्या. कात्रीचं पातं आधी ज्योतीवर तापवून गार करा, कारण विषाणू एका रोपावरून दुसऱ्यावर असेच जातात. कुंडी मोठी घेऊ नका. बाजूला भोकं असलेली तीन इंची पारदर्शक कुंडी पुरते. भरायला एक-दीड सेंटीमीटरचे लाकडी कोळशाचे आणि पाईनच्या सालीचे तुकडे निम्मे-निम्मे. साल आदल्या रात्री भिजवा. माती अजिबात नको. नंतर तीन-चार दिवस पाणी देऊ नका, कापलेल्या जागा सुकू द्या.

पाणी वाराप्रमाणे नव्हे, मुळं पाहून द्या. हिरवी असतील तर थांबा, चंदेरी झाली की भरपूर द्या आणि पूर्ण निथळू द्या. उन्हाळ्यात हे दोन-तीन दिवसांनी येतं, कोकणातल्या पावसाळ्यात आठवडाही जातो. पाणी सकाळी द्या. पानांच्या मधल्या खोबणीत साचलं तर टिश्यूने टिपा. तिथे कूज लागली तर शेंडाच जातो, आणि नवं पान तिथूनच येतं. बोअरच्या पाण्याने पांढरी पापुद्री धरते, तिथे पावसाचं पाणी बरं.

पूर्वेची खिडकी उत्तम. पानं गडद हिरवी असतील तर उजेड कमी पडतोय, तांबूस झाली तर जास्त. खत म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं), लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, ओल्या मुळांवर.

फुलदांडा येत नाही ही तक्रार मुंबईकरांची जास्त. त्याला रात्री १६ ते १८ अंशांचा गारवा तीन-चार आठवडे लागतो. पुण्या-नाशकात डिसेंबरमध्ये तो आपसूक मिळतो, उलट पारा १५च्या खाली गेला तर रोप आत घ्यावं लागतं. मुंबईत जानेवारीच्या रात्री खिडकी उघडी ठेवून पाहा. दांडा निघाल्यावर कुंडी फिरवू नका, नाहीतर तो उजेडाकडे वळत वाकडातिकडा होतो. फुलं झडल्यावर दांडा हिरवाच असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या डोळ्याच्या वर कापा, पुन्हा फाटा फुटू शकतो. रोप दोन-तीन पानांवर आलं असेल तर मात्र दांडा बुडापाशीच छाटा.