लॉगिन पानावरील बॉट वागणुकीवरून कसे ओळखावेत

चोरलेल्या पासवर्डांच्या याद्या घेऊन लॉगिन पानावर धडकणारे बॉट (माणसाविना आपोआप चालणारे प्रोग्रॅम) ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट कोडच्या साहाय्याने प्रत्येक कळ दाबल्या-सोडल्याची वेळ आणि माउसचा मार्ग नोंदवावा. कोणती अक्षरे टंकली, हे मात्र साठवू नये. माणसाच्या दोन कळांमधील अंतर सतत कमीजास्त होते आणि त्याचा माउस किंचित वळत, बटणाजवळ मंदावत जातो, तर साधा बॉट माउस न हलवताच क्लिक करतो किंवा सगळी अक्षरे एकसारख्या अंतराने भरतो. पासवर्ड आपोआप भरणारा पासवर्ड मॅनेजर वापरणारा किंवा स्क्रीन रीडरच्या (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आधारे केवळ कीबोर्डवर काम करणारा दृष्टिहीन ग्राहकही नेमका असाच दिसू शकतो (घाईत हे हमखास विसरले जाते), म्हणून एकाच खुणेवरून कोणालाही अडवू नये. अनेक खुणा एकत्र जोखून संशय बळावल्यासच ओटीपी मागावा. मोबाइलवर माउस नसतो, म्हणून त्यासाठी निकष वेगळे ठेवावेत.