१९५६ चा घटनापट मांडताना या चुका टाळा

मंडळाची स्मरणिका असो, शाळेचं भित्तीपत्रक असो की प्रश्नमंजुषा, सीमाभागात 'त्या वर्षी देशात काय घडलं' हे पान हमखास १९५६ चंच निघतं. आणि पहिल्याच ओळीत चूक होते: '१ नोव्हेंबरला बेळगाव कर्नाटकात गेलं.' त्या दिवशी कर्नाटक नावाचं राज्यच नव्हतं. बेळगाव गेलं ते म्हैसूर राज्यात. त्याचं कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला. 'महाराष्ट्रातून गेलं' हेही तितकंच चुकीचं, कारण महाराष्ट्र जन्माला आला १ मे १९६० रोजी. बेळगाव निघालं मुंबई राज्यातून. १ नोव्हेंबर १९५६ लाच यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले ते द्विभाषिक मुंबई राज्याचे. 'महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री' ही ओळ १९६० च्या पानावर टाका.

दुसरी गफलत नकाशाची. जिल्हा अख्खा गेला नाही. राज्य पुनर्रचना कायद्यात 'चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा' असं स्पष्ट आहे. सोबत विजापूर, धारवाड आणि कारवारचा कानडा जिल्हा गेला. आजचा जिल्हा नकाशा छापून खाली '१९५६ पूर्वीचा बेळगाव जिल्हा' लिहिलं की चंदगड गायब होतं. 'निपाणी तालुका' असंही लिहू नका, तेव्हा निपाणी चिकोडी तालुक्यात होती. आणि बिदर-भालकीकडचा मराठी मुलूख मुंबईतून नव्हे, हैदराबाद राज्यातून आला. 'सगळा सीमाभाग मुंबई राज्यातला' हे वाक्य तिकडच्या वाचकाला लगेच खटकतं.

तारखांचा सगळ्यात मोठा घोळ कायद्यांत होतो, कारण एका कायद्याला चार-चार तारखा असतात. राज्य पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगाचा अहवाल ३० सप्टेंबर १९५५ चा, कायद्यावर राष्ट्रपतींची सही ३१ ऑगस्ट १९५६ ची, अंमल १ नोव्हेंबरपासून. कुणी पहिली उचलतो, कुणी तिसरी, आणि एकाच अंकात दोन पानांवर दोन वर्षं पडतात. वहीत प्रत्येक घटनेपुढे घोषणा, मंजुरी, सही, अंमल असे चार रकाने आखा. आयुर्विम्याचंही तेच: राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम जानेवारीत, महामंडळ १ सप्टेंबरला. शास्त्रीजींचा रेल्वेमंत्रिपदाचा राजीनामाही असाच फसवतो. २ सप्टेंबरच्या महबूबनगर अपघातानंतर त्यांनी दिलेला राजीनामा स्वीकारला गेला नव्हता. २३ नोव्हेंबरच्या अरियलूर अपघातानंतरचा स्वीकारला गेला.

जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींतून तारीख उतरवताना मथळ्यावरची तारीख घेऊ नका, बातमीची घ्या. १७ जानेवारीचा बेळगावातल्या संयुक्त महाराष्ट्र आंदोलकांवरचा गोळीबार १८ च्या अंकातून उतरवला की १८ तारखेचा होतो. इथे हुतात्मा दिन १७ ला पाळतात, तेव्हा ही चूक खपायची नाही. मुंबईतला फ्लोरा फाउंटनचा २१ नोव्हेंबरचा गोळीबार तर वर्षच चुकवून १९५६ मध्ये घुसतो. तो १९५५ चा.

६ डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण दिल्लीत झालं आणि अंत्यसंस्कार ७ ला दादरला. दोन्ही एकाच तारखेखाली कोंबू नका. धम्मदीक्षा १४ ऑक्टोबरची, नागपूरची. मेलबर्नला भारताने पाकिस्तानला १–० असं हरवून हॉकीचं सुवर्णपदक घेतलं तेही ६ डिसेंबरलाच. एका पानावर या दोन नोंदी शेजारी आल्या तर तो छापखान्याचा दोष समजू नका.

वार तपासायला सोपी युक्ती आहे. १९५६ हे लीप वर्ष, रविवारी सुरू झालेलं. २०१२ चंही तसंच. घरात २०१२ ची दिनदर्शिका असेल तर वार जसेच्या तसे जुळतात: १४ ऑक्टोबर रविवार, १ नोव्हेंबर गुरुवार. तिथ्या मात्र त्यावरून घेऊ नका.

शके लिहिणार असाल तर सरसकट ७८ वजा करू नका. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ वजा, १ जानेवारीपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९. म्हणजे १७ जानेवारीचा गोळीबार शके १८७७ मधला आणि धम्मदीक्षा १८७८ मधली. सरकारी राष्ट्रीय शक दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासूनची, तिचे दिनांक १९५६ ला चिकटवू नका.

राहिला बाजारभाव. जुन्या जाहिराती छापताना 'नवे पैसे' लिहिणं हटकून होतं. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. तोवर रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे. ६ आणे म्हणजे साडेसदतीस नवे पैसे, ६० नव्हेत. हे रूपांतर तळटिपेत द्या, मूळ आकडा आण्यांतच राहू द्या.