लंगोट गळायचे, दोष इलास्टिकचा नव्हता

दीड वर्षाच्या लेकीसाठी घरीच लंगोट शिवले. आईच्या जुन्या सुती साडीचे चार पदर, आत नव्या टर्किश टॉवेलचा पट्टा. तरी दुपटं दर वेळी ओलं! इलास्टिक सैल असेल म्हणून घट्ट केलं, तर तिच्या कोवळ्या मांडीवर लाल वळ उठले. फार वाईट वाटलं.

मग पट्ट्यावर चमचाभर पाणी ओतून पाहिलं. थेंब मोत्यासारखे वरच राहिले, मुरलेच नाहीत. नव्या टॉवेलला मऊपणासाठी बरेचदा गिरणीतच लेप दिलेला असतो. पट्टे रात्रभर भिजवले, गरम पाण्यात चार-पाचदा धुतले, कडक उन्हात वाळवले. इलास्टिक उसवून सैल केलं. (शिवण तिच्या झोपेतच, जागी असली की हात थेट मशीनच्या चाकाकडे.) आता चमच्यातलं पाणी पट्ट्यावर पडताच मुरतं आणि दुपटंही कोरडं राहतं.