पोकलेनचा मिस्त्री व्हायचंय? मग या चुका टाळा

लांज्याजवळच्या एका चिरेखाणीवर माती काढणारं पोकलेन अडकलं होतं. बूम, म्हणजे पुढचा मोठा हात, उचलताना मशीन कण्हायचं आणि बकेट भरली की जागेवर थांबायचं. तीन वर्षं हेल्परकी करून मी नुकताच स्वतःला मिस्त्री म्हणवून घ्यायला लागलो होतो. मालकाला छातीठोक सांगितलं, हायड्रोलिक पंप गेला. पंप पुण्याहून आला, दोन दिवस घाम गाळून बसवला, मशीन चालू केलं आणि बूम पुन्हा तसाच. तिसऱ्या दिवशी मालकाने एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, "काय रे, गेज लावलंस?" माझ्याकडे तेलाचा दाब मोजायचं गेजच नव्हतं. त्यांनी स्वतःचं लावलं, जास्तीचा दाब सोडून देणारा मेन रिलीफ व्हॉल्व्ह खोलला, आत अडकलेला ओ-रिंगचा तुकडा चिमट्याने काढला. अर्ध्या तासात बूम वर. पंपाचे पैसे मात्र मालकाचे गेले ते गेलेच.

या धंद्यात शिकणाऱ्यांच्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. हातात पाना असतो, पण मोजायची सवय नसते.

पार्ट बदलणं म्हणजे दुरुस्ती असं समजणं

गेज लावून काय बघायचं? मोठ्या पोकलेनचं मुख्य हायड्रोलिक प्रेशर साधारण ३२० ते ३५० बार असतं, जेसीबीसारख्या बॅकहो लोडरचं अडीचशेच्या आसपास. पोकलेनची पायलट लाइन, म्हणजे लिव्हरचा इशारा व्हॉल्व्हला पोचवणारी, वेगळी, तिथे चाळीसच्या घरात. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलात दिलेला असतो, तोच धरायचा. दुसऱ्या मॉडेलचा आकडा इथे ठोकून रिलीफचा स्क्रू आवळत बसलात, तर आज होज फुटेल आणि उद्या पंप.

पण गेजच्याही आधी ऑपरेटरला विचारा. तो दिवसाचे दहा तास त्या मशीनवर बसतो. सगळ्याच हालचाली मंद आहेत की एकच? एकच असेल, म्हणजे फक्त बूमच्या पुढचा आर्म किंवा फक्त बकेट, तर पंपाला हात लावू नका. त्या सिलिंडरचं सील, त्या सेक्शनचा तेलाची दिशा बदलणारा स्पूल, त्याचा पोर्ट रिलीफ एवढ्यातच दोष असणार. पुढचं सगळं ठणठणीत आणि फक्त चालताना दोन्ही चेनची ताकद कमी पडत असेल, तर वरच्या फिरत्या भागातून खाली तेल नेणाऱ्या मधल्या सेंटर जॉइंटची सीलं तपासा. सगळंच मंद असेल तर लोडवर इंजिनाचे आरपीएम बघा. आरपीएम पडतायत आणि काळा धूर येतोय, तर आधी डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि इंजिन बघायचं. आरपीएम जागेवर आहेत आणि तरी हालचाल मंद, तर हायड्रोलिककडे वळायचं: तेलाची पातळी, सक्शनची जाळी, मग गेज. पंपाचा नंबर सगळ्यात शेवटी.

सकाळी चांगलं चालतं आणि दुपारी मरगळतं, ही तक्रार मे महिन्यात हमखास येते. तेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या भागातून आतल्या आत गळायला लागतं. पण झीज शोधण्याआधी कूलर बघा. जांभ्याची लाल धूळ आणि तेलाचा ओलावा मिळून कूलरच्या जाळीत असा गिलावा बसतो की वारा जायला वाव राहत नाही. कूलर नुसता धुतल्यावर बरी झालेली मशीनं मी पुष्कळ पाहिली आहेत.

होज काढून तोंड उघडं ठेवणं

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. पंपाच्या पिस्टन आणि बॅरलमधली फट त्याहून कितीतरी बारीक, काही थोड्या मायक्रॉनची. म्हणजे पंप मारणारा कण डोळ्याला दिसतच नाही. आणि आपली पोरं काय करतात? खाणीवर वारा सुटलेला, होज काढलाय, तोंडात जुन्या बनियनचा बोळा. त्या बोळ्याचे धागे कुठे जातात ते पुढच्या महिन्यात कळतं. प्लास्टिकच्या टोप्यांचा डबा किटमध्ये ठेवा, निदान स्वच्छ पॉलिथिन बांधा. उघडण्याआधी जोडाच्या भोवतालची माती पुसा. आणि पंप खरोखरच फुटला असेल तर नवा बसवण्याआधी टाकी, लाइनी आणि कूलर धुवून फिल्टर बदला, नाहीतर जुन्याचा चुरा नव्याला खातो.

हाताने गळती शोधणं

इथे मी आवाज चढवतो, लिहितानासुद्धा. होजला सुईएवढं छिद्र पडलं की तेलाची धार दिसत नाही, पण ती कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत आतलं मांस सडायला लागतं. अशी जखम झाली तर हळद लावून घरी जायचं नाही. तडक शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं आणि डॉक्टरांना 'प्रेशरचं तेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा.

याच पंगतीतल्या आणखी तीन गोष्टी. उचललेल्या बूमखाली ठोकळे लावल्याशिवाय शिरू नका, इंजिन बंद असलं तरी. चेन ढिली करताना ग्रीसचा व्हॉल्व्ह एकदम उघडू नका आणि त्याच्या समोर तोंड नेऊ नका, आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. आणि घाटातला कातळ फोडणाऱ्या ब्रेकरमध्ये गॅस भरायचा तो फक्त नायट्रोजन. सिलिंडर मिळाला नाही म्हणून ऑक्सिजन भरला तर तेलाशी गाठ पडून ब्रेकर बॉम्ब होतो.

कोकणातला पाऊस आणि खारा वारा विसरणं

पुस्तकं कोरड्या मुलखासाठी लिहिलेली असतात की काय, अशी मला शंका आहे. आपल्याकडे आगोटीला मशीन उभं केलं की ते थेट गणपतीनंतर, कधी दसऱ्याला सुरू होतं. टाकी अर्धी ठेवली तर रिकाम्या भागातल्या दमट हवेचं पाणी होऊन डिझेलमध्ये उतरतं, म्हणून टाकी भरून उभं करायचं. सिलिंडरचे रॉड शक्य तितके आत घ्यायचे, उघड्या राहिलेल्या रॉडला ग्रीसचा लेप द्यायचा. बॅटरी सोडवून ठेवायची. आणि सुरू करण्याआधी वायरिंगचा हार्नेस पूर्ण बघायचा, कारण पावसात केबिनमागच्या उबेला उंदरांचा संसार थाटलेला असतो.

जयगड, दिघी अशा बंदरांच्या बाजूला काम केलं असेल तर तुम्हाला टर्मिनलवरची हिरवट बुरशी माहीत असेल. सेल्फ मारला की नुसता टक् आवाज येतो, आणि पोर धावत जाऊन नवा सेल्फ मागवतं. मल्टिमीटर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवलं तर अर्थची पट्टी गंजली आहे. घासून आवळली की काम झालं.

वेल्डिंगचंही असंच. बकेटला दात लावायचे म्हणून वेल्डर येतो आणि सोयीची जागा बघून चेसिसला अर्थ लावतो. आताच्या मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असतो. आधी बॅटरी सोडवा, मॅन्युअल सांगत असेल तर कंट्रोलरचे प्लग काढा, आणि अर्थ वेल्डिंगच्या जागेजवळच लावा. नाहीतर करंट पिन-बुशमधून, बेअरिंगमधून वाट काढतो.

२०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या आणि मशीनं बुडाली. पुरातून निघालेलं मशीन 'चालू होतंय का बघू' म्हणून सेल्फ मारून बघणं ही घातक चूक. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढा, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा. इंजिन, हायड्रोलिक, गिअर सगळी तेलं बदला. दुधासारखं तेल दिसलं की त्यात पाणी आहे.

कागद आणि हात यातलं एकच धरणं

दहावीनंतर आयटीआयला मेकॅनिक डिझेलचा ट्रेड एका वर्षाचा आहे, फिटर दोन वर्षांचा. 'आयटीआयमध्ये जुनी इंजिनं खोलायला देतात, त्यात काय शिकणार' असं म्हणून ते टाळणारे बरेच भेटतात. मीही टाळलं होतं. पुढे मायक्रोमीटर वाचायला मला एका बाविशीतल्या पोराकडून शिकावं लागलं. दुसऱ्या टोकाला, सर्टिफिकेट मिळालं की शिक्षण संपलं असं समजणारे आहेत. त्यानंतर अप्रेंटिसशिप करा. १९६१ चा कायदा आहे, विद्यावेतन मिळतं, आणि डीलरच्या वर्कशॉपमध्ये नवीन मशीनं हाताखालून जातात. रस्त्यावर चालणाऱ्या बांधकाम मशीनना २०२१ च्या एप्रिलपासून बीएस-चारचे धुराचे नियम लागले, आणि त्यानंतर इंजिनावर सेन्सर वाढतच गेले. कॉमन रेलचा, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणारा, पाइप चालू इंजिनावर ढिला करून 'हवा काढणारा' मिस्त्री आता चालत नाही. तिथे हजार बारच्या वर प्रेशर असतं.

ऑपरेटर होणं आणि मेकॅनिक होणं यातही गल्लत होते. लिव्हर चालवता आले म्हणजे मशीन कळलं असं नाही. पण चालवायला शिकाच, दोष डोळ्याआधी हाताला जाणवतो.

इंग्रजीची भीती असेल तर सगळं मॅन्युअल वाचू नका. हायड्रोलिक सर्किटच्या खुणा आणि वायरिंगचे रंग एवढं आधी पाठ करा. चित्राला भाषा लागत नाही. आणि एक वही ठेवा: तारीख, मॉडेल, अवर मीटर, तक्रार, गेजचा आकडा, सापडलेलं कारण. आखातात जायचं असेल तर मुलाखतीत अशी वही अनुभवाच्या पत्रापेक्षा जास्त बोलते, हे मी पाहिलंय. एजंट मात्र सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते स्वतः तपासा. गावातल्या कोणाचा तरी मेव्हणा आहे एवढ्यावर पासपोर्ट देऊ नका.

शिकायला वर्कशॉप निवडताना पगार किती, हे सगळेच विचारतात. तुम्ही एक करा. चहा होईपर्यंत इकडेतिकडे बघत सहज विचारा, गेजचा सेट कुठे असतो हो? कपाटात कुलूपबंद आहे, किल्ली मालकाकडे आणि मालक मुंबईला, असं उत्तर आलं तर चहा पिऊन पुढच्या वर्कशॉपची वाट धरा.