बचत गटातल्या ताईंना मोबाईल आणि धंदा शिकवताय? या चुका टाळा

गावात प्रशिक्षण ठरलं की आधी ग्रामपंचायतीचा हॉल ठरतो, मग प्रोजेक्टर, मग चहा-नाश्ता. फोन कोणाचा आणि त्यात सिम कुठलं, हे मात्र कोणी विचारत नाही. बरेचसे वर्ग इथेच फसतात, म्हणून सुरुवातही इथूनच.

फोनची चौकशी न करता वर्ग घेणे

यूपीआय चालू करताना अ‍ॅप त्या फोनमधून एक एसएमएस पाठवतं आणि तो बँकेत नोंदवलेल्या नंबरवरूनच जावा लागतो. म्हणजे खात्याला जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं, आणि एसएमएस जाण्यापुरता रिचार्जही हवा. प्रत्यक्षात खातं ताईचं, नंबर नवऱ्याचा किंवा पुण्याला कामाला गेलेल्या मुलाचा, आणि फोन सगळ्या घराचा मिळून एक. मग ‘व्हेरिफिकेशन फेल’ येत राहतं आणि ताईला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. यात तिचा काही दोष नसतो, आणि हे तिला स्पष्ट सांगायला हवं.

वर्गाच्या आठवडाभर आधी सीआरपी ताईंकडून (बचत गटांना मदत करणाऱ्या गावातल्याच कार्यकर्तीकडून) यादी करून घ्या: खातं कुठे, नंबर कुठला, सिम कोणाच्या नावावर, एटीएम कार्ड आहे का. ज्यांचा नंबर बदलायचाय त्यांना एकत्र घेऊन शाखेत जा. कार्ड नसेल तरी बऱ्याच बँकांत आधारच्या ओटीपीवर यूपीआयचा पिन ठरवता येतो, पण आधारला आणि बँकेला एकच चालू नंबर जोडलेला असला तरच. ज्यांच्याकडे साधा बटणाचा फोन आहे त्यांना मागे बसवून ठेवू नका. साध्या फोनसाठीची यूपीआय १२३पे सेवा २०२२ पासून आहे.

क्यूआरचं स्टिकर कोणाच्या खात्याचं आहे, हेही तपासा. माल बाईने करायचा, विकायचा आणि पैसे घरातल्या दुसऱ्याच्या खात्यात, असं सर्रास चालतं. गटाची अडचण वेगळी. दोन-तीन सह्यांवर चालणारं खातं सहसा यूपीआयला जोडता येत नाही, म्हणून प्रदर्शनात एखाद्या सदस्याचं वैयक्तिक स्टिकर लावतात आणि महिन्याभराने हिशेबावरून गट फुटतो. कोणाच्या खात्यात पैसे घ्यायचे, रोजची नोंद कोण लिहिणार, गटाच्या खात्यात कधी भरायचे, याचा ठराव आधीच वहीत लिहून सह्या घ्या.

तिच्या हातातून फोन घेणे

‘द्या इकडे, मी करून देते,’ असं म्हटलं की शिकवणं तिथेच संपलं. वेळ लागू द्या. चुकीचं बटण दाबलं तर मागे कसं यायचं, हे आधी शिकवा, म्हणजे भीती निम्मी होते. एक रुपया शेजारणीला पाठवून बघू द्या.

पिन प्रशिक्षकाने, सीआरपीने, गावात बँकेचं काम करणाऱ्या बँक मित्राने, कोणीच बघायचा नाही. ताई पिन टाकत असताना तुम्ही मान वळवलीत, तर ते ती लक्षात ठेवेल. दोन गोष्टी तिच्याकडून म्हणून घ्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही, आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधायचा नाही, कारण तिथे भामट्यांनी टाकलेले नंबर सापडतात. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे ऑनलाईन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन. घरचे रागावतील म्हणून बायका अशी गोष्ट दोन-दोन दिवस लपवतात आणि तेवढ्यात पैसे पुढे निघून जातात, म्हणून हा नंबर घरातल्या भिंतीवरच लिहून ठेवायला सांगा.

‘वाचता येत नाही, म्हणजे हिशेब येत नाही’ असं धरून चालणे

साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. त्याआधी संस्थापक बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांनीही काढून दाखवावं. परवाना मिळाला. व्याज तोंडी काढणारी बाई तुमच्याही वर्गात बसलेली असते. तिला टायपिंगमध्ये अडकवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून मेसेज पाठवणं, मराठीत बोलून टाईप करणं, ऑर्डर आवाजात नोंदवणं, हे आधी घ्या.

तिचा हिशेब चुकतो तो वेगळ्याच जागी. घरचं धान्य आणि स्वतःचे कष्ट ती शून्य धरते. फळ्यावर हे उदाहरण सोडवून घ्या, भाव तुमच्या गावचे टाका. समजा, ५ किलो शेंगदाणा चटणी केली, पाव किलोची २० पाकिटं झाली. शेंगदाणे ६५०, तिखट-लसूण-मीठ १५०, गॅस ६०, पिशव्या आणि लेबल १००, बाजाराला जाण्यायेण्याचं भाडं ८०, आणि पाच तासांची मजुरी तासाला ६० प्रमाणे ३००. एकूण १३४०, म्हणजे पाकीट ६७ रुपयांना पडलं. ताईने फक्त शेंगदाणे-मसाला धरला तर तेच ४० वाटतं. ती ५० ला विकते, दहा सुटले म्हणते, आणि खरं तर प्रत्येक पाकिटामागे १७ रुपये घालवते. दुकानदार विक्रीवर २० टक्के ठेवत असेल तर ८५ ला विकूनही तिच्या हाती ६८ च येतात.

हे गणित प्रत्येकीने स्वतःच्या मालावर करायचं: पापड, गोधडी, शेवया, जे असेल ते. माझ्या मते दोन दिवसांच्या वर्गातला अर्धा दिवस यालाच द्यावा. अ‍ॅपवर नोंदी नंतर. आधी धंद्याची वही वेगळी आणि धंद्याचा डबा वेगळा.

माल तयार नसताना ऑनलाईन विकायला लावणे

पहिल्याच वर्गात मोठ्या संकेतस्थळावर नोंदणी करून देणं बंद करा. आधी तपासा: आजची चटणी आणि पुढच्या महिन्याची चटणी चवीला सारखी लागते का? किती दिवस टिकते? कुरिअरवाला गावात येतो का? पाकिटावर वजन, तारीख, किंमत, घटक आणि खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा नोंदणीचा, नंबर हवाच. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणारे एजंट फिरतात, त्यांच्यापासून सावध करा.

सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस पुरतं. फोटो ओट्यावर, सकाळच्या उजेडात, साध्या कापडावर. पहिली गिऱ्हाइकं गावातून मुंबई-पुण्याला गेलेली माणसंच असतात.

हंगाम न बघणे

कापूस वेचणीत वर्ग ठेवलात तर ताईची मजुरी बुडते. बीडकडच्या ऊसतोड करणाऱ्या बायका दिवाळीनंतर गावात नसतातच. दुपारी दोन ते चार ही वेळ बहुतेक गावांत जमते. पोरं घेऊन येऊ द्या. एखाद्या दिवशी सासूबाईंना आणि नवऱ्यालाही बोलवा. घरातून फोन मागताना तिला रोज कारण द्यावं लागू नये, यासाठी ते गरजेचं आहे.

सर्टिफिकेट वाटून निघून जाणे

अडचणी तुम्ही गेल्यावर सुरू होतात: पैसे कापले गेले पण समोरच्याला पोचले नाहीत, ओटीपी येत नाही, मुलाने फोन रिसेट केला. व्यवहार ‘पेंडिंग’ दिसत असेल तर लगेच पुन्हा पैसे पाठवायचे नाहीत. अडकलेले पैसे बहुतेक वेळा खात्यात परत येतात, नाही आले तर अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार करायची. आठ दिवसांनी परत या आणि एकेकीला विचारा: या आठवड्यात तुमच्या खात्यात किती विक्री आली, वही दाखवा, कुठे अडलं? जी आली नाही तिच्या घरी जा.